छातीचा फोटो

आमच्या भागात एक्स-रेलाही फोटोच म्हणतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, माणूस माझ्या खोलीच्या दारात येतो आणि सांगतो, "छातीचा फोटो काढायचाय." जव्हारच्या दवाखान्यात मी एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा मला याचं हसू यायचं. बायका आत आल्या की पदर सारखा करायच्या, केसांवरून हात फिरवायच्या. एका म्हाताऱ्यानं तर टोपी ठेवू की काढू, असं विचारलं होतं. मी त्यांना मशीनला छाती टेकवून उभं करायचो. श्वास घ्या, रोखा, सोडा. झालं. भिंतीकडं तोंड करून काढलेला फोटो. त्यांना ते विचित्र वाटत असणार, पण दवाखान्यात विचित्र वाटलेलं कोण बोलून दाखवतं?

खऱ्या फोटोंचं वेड मला नोकरीच्या आधीपासूनचं. मी इथल्याच पोशेऱ्याचा. घरी भात आणि नागली, एवढंच. नाशिकला कोर्स करत असताना संध्याकाळी एका स्टुडिओत काम करायचो. लग्नाचे अल्बम लावायचे, मागचा पडदा बदलायचा, लाइट धरून उभं राहायचं. तिथं एकदा मालकानं एका भाजीवालीचा फोटो काढलेला मी पाहिला. काही कारण नव्हतं, ती सहज दारात टेकली होती. त्यानं तो मोठा करून काचेत लावला. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मला वाटलं, आपल्याकडची माणसं अशी कुणी कधी लावली आहेत का भिंतीवर? मेल्यावर लावतात, हार घालून. जिवंतपणी नाही.

नोकरी कायम झाल्यावर मी जव्हारच्या बाजारात एक गाळा भाड्यानं घेतला आणि स्टुडिओ सुरू केला. बायको खोडाळ्याची. तिच्या माहेरी बाजारातच किराणा दुकान, त्यामुळं गल्ल्यावर बसायची तिला सवय. दिवसा ती बसायची, ड्यूटी संपली की मी. फोटोतल्या माणसाचा सदरा बदलणं, मागचं छप्पर काढून तिथं निळा रंग भरणं, हे ती कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा लवकर शिकली. दवाखान्यातले सहकारी चिडवायचे, "सकाळी आतलं काढतो, संध्याकाळी बाहेरचं." मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. मला 'एक्स-रेवाला' म्हणून रिटायर व्हायचं नव्हतं.

स्टुडिओत येणारे बरेचसे मला दवाखान्यात भेटलेलेच असत. मी कॅमेरा डोळ्याला लावला की ते छाती फुगवून श्वास रोखून धरायचे आणि मी 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. बायको पोट धरून हसायची. ते पहिले महिने बरे होते.

मग कळायला लागलं की लोकांना आमच्याकडून दोनच फोटो हवे असतात. एक फॉर्मवर लावायचा, दुसरा हार घालायचा. कुणाचा बाप गेला की पोरगा मोबाइलमध्ये एक लग्नातला घोळका घेऊन यायचा. कोपऱ्यात, कुणाच्या तरी खांद्यामागं, अर्धं तोंड. "हे बाबा. एवढंच तोंड काढा आणि कोट घाला." ज्यानं जन्मात कोट घातला नाही त्याला बायको कोट घालायची, न दिसणारा गाल दिसणाऱ्या गालावरून करायची. घरातली माणसं तो फोटो बघून रडायची. ते काम ती मन लावून करायची. मी मात्र उठून बाहेर जायचो.

"तुम्हाला लोकांचं काम करायचं नाही," ती एकदा म्हणाली. "तुम्हाला तुमचं काम करायचंय, आणि त्याला लोकांनी यायला हवंय."

मला राग आला, पण ती बरोबर बोलत होती.

लग्नाच्या ऑर्डरी मिळत होत्या, त्याही माझ्या नोकरीनं खाल्ल्या. मोखाड्याजवळच्या एका लग्नाचं काम घेतलं होतं. रजा टाकलेली, बॅग भरलेली. निघता निघता दवाखान्यातून फोन आला, घाटात जीप उलटली आहे, या. दुसरा टेक्निशियन गावी गेलेला. मी गेलो. हात, पाय, मांड्या, एकामागून एक. एक बाई स्ट्रेचरवरून माझा सदरा सोडत नव्हती. लग्नघरी पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलत होते. नवरीचा बाप काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता.

"अपघात झाला मान्य," तो म्हणाला. "आता माझ्या पोरीचं लग्न परत लावू का?"

त्याचं काय चुकलं? अशी बातमी आमच्याकडं बाजाराच्या दिवशी सगळीकडं होते. पुढच्या हंगामात लग्नासाठी मला कुणी बोलावलं नाही.

मी स्वतःची समजूत घातली की बरंच झालं, आता हवं ते करू. रविवारी मोटरसायकल काढायची आणि पाड्यांवर जायचं. मला माणसं हवी होती, त्यांना हवी तशी उभी राहिलेली. कुणी धुतलेला सदरा घालून, कुणी बगलेत कोंबडा घेऊन, कुणी नुसतंच दाराला टेकून. रंग नको, काळ्या-पांढऱ्यात, मोठे. एक दिवस त्यांचं पुस्तक होईल, मुंबईत कुठंतरी ते भिंतीवर लागतील, असं मी बायकोला सांगायचो. ती मान हलवायची आणि झेरॉक्स मशीनचं काय करायचं ते विचारायची. बाजारात एकही धड झेरॉक्स नव्हतं, तिचं लक्ष तिकडं होतं.

वावरच्या बाजूला एका पाड्यावर एका म्हातारीनं मला अंगणातच थांबवलं.

"कसली योजना हाय?"

"योजना नाही आजी. असाच फोटो काढतोय."

"असाच कोण काढतं?"

मी खाली बसलो. तिनं कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं. मग म्हणाली, "पोरं मेली त्या साली बी फोटोवाले आलेले. माझी पोर मांडीवर होती. तिचा काढला. दोनदा काढला. कुठं हाय तो फोटो?"

आमच्याकडं कुपोषणानं पोरं गेली त्या साली मी शाळकरी पोरगा होतो. घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलायची, एवढंच आठवतं. मी म्हणालो, "पेपरात आला असेल."

"आमच्याकडं कुठं पेपर येतो?"

तिनं फोटो काढू दिला. नेऊन दे, एवढी अट घातली. तो मी खरंच नेऊन दिला. तिनं तो लुगड्यात गुंडाळून ठेवला, बघितला नाही. मी निघालो तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, त्या पोरीचा फोटो कुणाकडं मागायचा, ते तुला ठाऊक असेल ना. तूबी फोटोवालाच आहेस.

दसऱ्याच्या जत्रेला जव्हारात बाहेरून माणसं येतात, म्हणून मी तेव्हा एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. ज्यांचे फोटो काढले होते त्या सगळ्यांना निरोप पाठवले. दवाखान्यातले दोघंतिघं आले, छान म्हणाले आणि जत्रेत गेले. ठाण्याहून कॅलेंडर छापणारा एक माणूस फिरत फिरत आत शिरला. त्यानं प्रत्येक फोटोसमोर थांबून नीट पाहिलं.

"हात चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "पण ही माणसं तेल लावून, भांग पाडून का उभी आहेत?"

"त्यांना तसं उभं राहायचं होतं."

"लोकांना असं नाही लागत हो. डोळ्यात काहीतरी पाहिजे. फाटकं काही दाखवा, उपाशी पोर दाखवा. तसे असतील तर मला कळवा."

माझ्याकडं तसे नव्हते. तसे काढायचे नाहीत म्हणून तर मी निघालो होतो.

मग पोशेऱ्याहून आमची एक काकू आली. नवी साडी नेसून, सुनेला घेऊन. स्वतःच्या फोटोसमोर उभी राहिली आणि तिचं तोंड उतरलं.

"काय रं, मी एवढी काळी हाय का?"

"काकू, सगळेच काळ्या-पांढऱ्यातले आहेत. रंग काढून टाकलाय."

"रंग काढतात कशाला? आमचा काय कमी घालवलाय कुणी?" ती म्हणाली. पुढच्या गल्लीत एक जण धबधब्याचा पडदा लावून मोबाइलवर रंगीत फोटो काढून लगेच हातात देत होता. दोघी तिकडं गेल्या. परत जाताना मला दाखवायला आल्या. काकू त्यात गोरी होती, मागं धबधबा कोसळत होता, आणि ती हसत होती. माझ्या फोटोत ती हसली नव्हती.

त्या संध्याकाळी बायकोनं माझ्याबरोबर सगळ्या फ्रेमा गुंडाळल्या. चिडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तो माणूस आला. मी नुकताच ड्यूटीवरून येऊन दुकानात टेकलो होतो. त्यानं चपला पायरीखाली काढल्या. तरुणच होता, पण गाल आत गेलेले. मोखाड्याकडच्या एका पाड्याचं नाव सांगितलं.

"तुम्ही माझ्या पोरीचा फोटो काढलाय," तो मला म्हणाला. "तो पायजे."

बायकोनं विचारलं, "कधी काढला? नाव सांगा, कॉम्प्युटरवर बघते."

त्यानं नाव सांगितलं. बायकोनं शोधलं, दोनतीन तऱ्हेनं लिहून पाहिलं. नव्हतं.

"अंगणवाडीत काढला होता का?"

"नाय. दवाखान्यात. मीच धरली होती तिला. यांनी मला तो जड कोट घातला होता."

मग मला उमगलं. लहान पोरांचा एक्स-रे काढताना ती हलतात, म्हणून आई किंवा बाप हात धरून उभे राहतात. त्यांना आम्ही शिशाचा एप्रन घालतो. मी बायकोकडं पाहिलं. तिलाही कळलं होतं.

तो तुकड्यातुकड्यानं सांगत गेला. पावसात पोरीला खोकला झाला, छाती उडायला लागली. जव्हारला आणली, इथून अँब्युलन्सनं नाशिकला नेली. तिथं दुसऱ्या दिवशी गेली. तीन वर्षांची होती. माझी फिल्म तिकडच्याच कागदात राहिली. पाकीट त्याच्या हातात होतं, पण त्यानं ते उघडून पाहिलंच नव्हतं. डॉक्टर मागत होते आणि तो देत होता. त्याच्याकडं बटणाचा मोबाइल. पोरीचं आधार कार्ड काढायचं राहून गेलेलं.

"आता आम्ही वीटभट्टीवर जाणार," तो म्हणाला. "तिची आई म्हणते, फोटो घेऊन जाऊ. दुसरा फोटो नाय तिचा."

"अहो, तो तसला फोटो नसतो," मी म्हणालो. "त्यात नुसती हाडं दिसतात."

"चालंल."

मी ती पोर आठवायचा प्रयत्न केला. पावसाळ्यात माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर खोकणारी पोरं ओळीनं असतात. सगळी रडतात, सगळ्यांच्या कपाळाला काजळाचा टिळा असतो. मी म्हणतो, हनुवटी वर करा. हनुवटी फिल्ममध्ये यायला नको असते. मी छाती बघतो. त्या पोरीचं तोंड माझ्यासमोर हातभर अंतरावर होतं आणि मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. नाक नाही, डोळे नाहीत, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. बाप मागतोय, द्या, म्हणाले. मी कॉम्प्युटरवर काढून पाहिलं. बोटभर बरगड्या, उजवीकडं पांढरा डाग. आणि दोन्ही कडांना, तिच्या दंडांभोवती, एका मोठ्या माणसाच्या बोटांची हाडं. तेवढी कड आम्ही सहसा सोडून देतो. त्या दिवशी ती आली होती.

संध्याकाळी तो आला. मी फिल्म दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरली. त्यानं हात सदऱ्याला पुसले आणि मग ती कडेनं धरली.

"ह्या बरगड्या," मी म्हणालो. "हे मधलं हृदय."

तो वर सरकत गेला. मान संपते तिथं थांबला.

"आणि तोंड?"

"छातीच्या फोटोत तोंड येत नाही."

"तिथंच होतं की तोंड," तो म्हणाला. "वरच."

मागं बायकोनं कॉम्प्युटर बंद केला. त्यानं फिल्म पुन्हा उजेडासमोर धरली आणि कडेवर बोट ठेवलं. "हे काय?"

"ती तुमची बोटं आहेत. तुम्ही तिला धरलं होतं."

तो स्वतःचा हात बघायला लागला. पालथा केला, उताणा केला. "लई घट्ट धरलेली मी," तो म्हणाला. "सुटायला बघत होती. तुम्ही म्हणालात, हलू देऊ नका."

बायकोनं चहाला विचारलं. नको म्हणाला. फिल्म पाकिटात घालून दारापर्यंत गेला, परत फिरला आणि बायकोला विचारलं, मला नाही, "तिच्या आईला दाखवू का?"

"मला नाही सांगता येत, भाऊ," बायको म्हणाली. तो पाकीट बगलेत मारून गेला. त्यानं दाखवलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर मी एक वेडेपणा केला. कॅमेरा दवाखान्यात न्यायला लागलो. वाटलं, लहान पोरगं आलं की एक्स-रे झाल्यावर त्याचा एक साधा, तोंडाचा फोटो काढायचा आणि आईबापाला द्यायचा. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, घरच्यांची हरकत नसेल तर बघा. पहिल्याच दिवशी एक बाई तापानं फणफणलेला मुलगा घेऊन आली. एक्स-रे झाला. मी शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "ताई, याचा एक फोटो काढू का? तुम्हालाच देईन."

तिनं मुलाला छातीशी ओढलं.

"का?" ती म्हणाली. "वाचणार नाय का हा?"

मी तिला किती समजावलं. ती रडत डॉक्टरांकडं गेली, डॉक्टरांनी सांगितल्यावरही तिला खरं वाटेना. मुलगा बरा होऊन घरी गेला. पण मी त्या दिवशी कॅमेरा बॅगेत घातला तो घातलाच.

दिवाळीनंतर आम्ही स्टुडिओ बंद केला. म्हणजे गाळा तोच, बोर्ड बदलला. बायकोनं झेरॉक्स आणलं, फॉर्म भरायला सुरुवात केली, सातबारा, दाखले. आता तिच्याकडं रांग असते. हार घालायचे फोटोही ती करते. मला ती एका शब्दानं बोलली नाही. उलट पडदा आणि लाइट विकायचे का, हे विचारताना तिनं तीनदा विषय बदलला. मी विका म्हणालो. रात्रभर माझ्या डोक्यात काही आलं नाही, दुःखसुद्धा नाही. सकाळी उठून ड्यूटीवर गेलो.

फ्रेमा घरात पडून होत्या. जागा अडते म्हणून एका रविवारी त्यातल्या पोशेऱ्याकडच्या तेवढ्या मोटरसायकलला बांधल्या आणि ज्याच्या त्याला द्यायला निघालो. निदान तेवढं तरी. पाड्यावर पोचलो तर दारं बंद. एकाला कुलूप, दुसऱ्याच्या कडीला दोरी. अंगणात शेणाचा वासही नव्हता. भट्ट्यांवर गेले होते सगळे, कुणी भिवंडीकडं, कुणी वसईकडं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. मी इथलाच. पण फोटो काढायच्या नादात कोण कधी घरी असतं, हेही माझ्या डोक्यातून गेलं होतं.

एका ओट्यावर एक म्हातारा बसला होता, घरांवर लक्ष ठेवायला मागं राहिलेला. त्याचाही फोटो माझ्याकडं होता. तो त्यानं घेतला, लांब धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"बाकीचे इथं ठेव," तो म्हणाला. "आले की देईन. पावसाच्या तोंडाला येतील, आले तर."

आम्ही दोघांनी त्या फ्रेमा आत नेल्या आणि कणगीला टेकवून एकामागं एक लावल्या. सगळ्यात पुढं एक बाई बगलेत कोंबडा धरून उभी होती. त्यानं थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं.

"तोंडं भिंतीकडं कर," तो म्हणाला. "मी एकटा असतो. एवढी माणसं बघत राहिली तर झोप नाय येणार."

मी एकेक फ्रेम फिरवून ठेवली. तोवर तो पुन्हा बाहेर ओट्यावर जाऊन बसला होता.